हजेरीपट आणि पोथी

साहित्याविषयी अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवणे बरे; कारण ज्याची उमर महसूल खात्याच्या दप्तरात, जमाबंदी, तगाई, आणेवारी आणि पंचनामे यांच्या कागदांत गेली, त्याने रसचर्चेच्या प्रांतात पाऊल टाकले म्हणजे जाणकारांना हसू येणार, आणि ते यावेही. तथापि अभिजात ग्रंथ माणसाला संकटकाळी आधार देतात असे जे विद्वान लोक सभासंमेलनांतून सांगतात, ते जेथे खरोखर घडते किंवा घडत नाही, अशा ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने मला पुष्कळ काळ उभे राहावे लागले. आणि तेथे जे पाहिले ते त्यांच्या म्हणण्याशी सर्वांशी जुळत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

1972 साली मी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यात कनिष्ठ कारकून होतो. आधीच्या सालातही पाऊस बेताचाच झाला होता. त्या साली मात्र मृगापासून हस्तापर्यंत एकेका नक्षत्राने पाठ फिरवली, आणि ज्या तालुक्याला जुने लोक अभिमानाने ज्वारीचे कोठार म्हणत, तेथल्या काळ्या जमिनीत रब्बीची पेर वाया गेली. आणेवारी सहा आण्यांच्या आत आली, शेतसाऱ्याची वसुली तहकूब झाली, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली, आणि सरकारने जागोजाग कामे काढली: पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीफोडणी. 1973 च्या उन्हाळ्यात साऱ्या महाराष्ट्रात अशा कामांवर 50 लाखांच्या घरात माणसे राबत होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्याच सुमारास मूळ धरीत होती आणि तिला कायद्याचे रूप पुढे 1977 साली आले. पण डोक्यावर पाटी घेतलेल्या माणसाला योजनेच्या नावाशी कर्तव्य नव्हते, पगारवाटप बाजाराच्या दिवशी होते की त्यानंतर, एवढेच त्याला हवे असे.

माझी नेमणूक एका पाझर तलावाच्या कामावर हजेरीपट ठेवण्यासाठी झाली. सकाळी मुकादम टोळीवार नावे पुकारी, मी खुणा करी. दुपारनंतर ओव्हरसियर टेप घेऊन खड्डे मोजी, आणि खोली कळावी म्हणून खड्ड्याच्या मधोमध राखून ठेवलेला मातीचा खांब कोणी रात्री वरून वाढवला तर नाही ना, याची बारकाईने तपासणी करी. कारण काम मापावर होते आणि मापावरच मजुरी ठरे. वाटपाच्या दिवशी अंगठे घेणे हे माझे सर्वांत कष्टाचे काम. खडी फोडून आणि माती उपसून ज्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषाच झिजल्या होत्या, अशा बायांचे ठसे कागदावर नुसते काळे डाग होऊन उमटत, आणि मी त्यांच्यापुढे ठरलेल्या नमुन्याप्रमाणे 'निशाणी डावा अंगठा' असे लिहून नाव घाली. ज्या लोकांनी आयुष्यभर आपल्या रानातली शाळू खाल्ली, त्यांच्या चुलीवर परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी भाजल्या जात होत्या. त्या भाकरीविषयी लोक जे बोलत ते येथे लिहिण्याजोगे नाही.

लांबच्या गावांहून आलेली कुटुंबे कामाजवळच तुराट्यांच्या आणि तरटांच्या खोपी घालून राहत. त्यांतल्या एका वृद्ध शेतकऱ्याने, ज्याला सगळेजण आप्पा म्हणत, घर सोडताना पिठाच्या गाठोड्याबरोबर लाल फडक्यात बांधलेली पोथीही आणली होती. ती होती श्रीधरस्वामींच्या पांडवप्रतापाची. श्रीधर आमच्या शेजारच्या सांगोले तालुक्यातील नाझऱ्याचे, आणि त्यांनी हा ग्रंथ 1712 साली पुरा केला. त्यामुळे त्या भागात त्यांच्याविषयी, थोर कवी यापेक्षा आपल्याकडचा माणूस, अशी भावना अधिक. रात्री पहारेकऱ्याच्या कंदिलाशी आप्पा बसत, शाळेत चार यत्ता शिकलेला त्यांचा नातू ओवी वाची, आणि आप्पा अर्थ सांगत. पहिल्या रात्री पाचसहा माणसे होती. पुढे पुढे टोळ्याच्या टोळ्या येऊ लागल्या. अध्याय संपला की आरती होई, आणि प्रसादाला दुसरे काही नसल्यामुळे दिवसा मुलांना वाटलेली सुकडी कोणीतरी चिमूटभर राखून आणी.

मी प्रथम तेथे बसलो तो केवळ वेळ जाईना म्हणून. परंतु एका रात्रीचा अध्याय मला अद्याप स्मरतो. वनवासात सूर्याने पांडवांना दिलेल्या थाळीची कथा चालली होती: द्रौपदी जेवेपर्यंत त्या थाळीतून कितीही माणसांना अन्न मिळावे, पण तिचे जेवण होऊन थाळी धुतली गेली की त्या दिवसापुरते अन्न संपावे, आणि नेमके तिने थाळी धुऊन पालथी घातल्यावर दुर्वास शिष्यांचा मेळा घेऊन यावा. आप्पांनी हे सांगताच पुरुषमंडळी पुढे काय होते म्हणून उत्सुकतेने बसली, पण मागच्या अंगाला बसलेल्या बायकांत कुजबूज उठली आणि त्यांतली एक मोठ्याने म्हणाली, "आप्पा, म्हंजी तिनं समद्यांच्या मागनंच जेवायचं. देवाची थाळी मिळाली तरी बाईची ती रीत काय सुटली न्हाई!" सगळा घोळका हसला. आप्पांनाही हसू आवरेना. मग श्रीकृष्ण येऊन थाळीच्या कडेला चिकटून राहिलेले भाजीचे एक पान मागून घेतो आणि त्याच्या तृप्तीने सर्वांची पोटे भरतात, हा भाग आला तेव्हा मात्र कोणी हसले नाही. आणि मला वाटते की ज्या बाईने रोज रात्री भांडे पुसून पुसून पाहिले आहे, तिला ते पान जसे दिसले तसे ते कोणाही टीकाकाराला दिसणार नाही.

विद्वानांशी माझा पहिला मतभेद येथे होतो. ते म्हणतात की अभिजात वाङ्मय माणसाला त्याच्या दुःखातून वर उचलते, त्याला विशाल दृष्टी देते, क्षुद्र प्रपंचाचा विसर पाडते. मी पाहिले ते असे की त्या कंदिलापाशी कोणाला कशाचाही विसर पडत नव्हता. उलट ज्या गोष्टी दिवसभर कोणी उच्चारीत नसे, की बैल कोणाला आणि कितीला दिला, की सुनेला माहेरी का धाडले, की घरात शेवटी कोण जेवते, त्या सर्व गोष्टी पोथीच्या निमित्ताने मोकळेपणाने बोलल्या जात, आणि राजे लोकांवरही असेच प्रसंग आले होते एवढ्या आधारावर त्या बोलण्यात लाज वाटेनाशी होई.

मंगळवेढे हे दामाजीपंतांचे गाव. त्यांचे मंदिर गावात आहे, आणि दुष्काळाच्या साली त्यांची कथा तेथल्या माणसाला पुन्हा सांगावी लागत नाही. बेदरच्या बादशहाच्या चाकरीतला हा अंमलदार. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्याने वरिष्ठांचा हुकूम न घेता सरकारी कोठारे उघडून धान्य वाटले. हाताखालच्या मुजुमदाराने ही बातमी वर कळवली. पकडण्यास शिपाई आले. आणि इकडे दामाजी बेदरच्या वाटेवर असताना विठ्ठलाने विठू महाराच्या वेषात दरबारी जाऊन धान्याची सारी किंमत मोहरांनी चुकती केली व रीतसर पावती घेतली, जी पुढे दामाजींच्या नित्यपाठाच्या गीतेच्या पोथीत निघाली. भाविकांना यात देवाचा लळा दिसतो. मला, कारकून असल्यामुळे असेल, त्या पावतीचे अप्रूप वाटते. चमत्कार झाला, पण बिनपावतीचा झाला नाही; देवालाही सरकारी रक्कम भरताना कागद करून घ्यावा लागला. ज्याने ही कथा रचली त्याने मुजुमदार पाहिलेला होता, कोठाराच्या किल्ल्या पाहिल्या होत्या, आणि वरून येणाऱ्या हुकमाची वाट पाहत मरणारी माणसेही पाहिली होती, यात मला शंका वाटत नाही.

आणि तसे पाहिले तर ही कथा ज्यांच्या भक्तिविजयातून घरोघर गेली ते महिपतीही राहुरी तालुक्यातील ताहराबादचे कुळकर्णीच. पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलावण्यास आला, त्यांनी जाऊन काम उरकले, आणि परत येऊन यापुढे ही लेखणी कोणाच्या चाकरीत चालवणार नाही असे ठरवून टाकले, अशी त्यांची आख्यायिका सांगतात. त्यानंतर त्यांनी जे लिहिले त्यातला भक्तिविजय 1762 सालचा. एकनाथ दौलताबादच्या किल्ल्यात जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर दिव्यापाशी बसले होते, आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, ही कथा तर प्रत्येक कचेरीत नव्या उमेदवाराला बजावून सांगितली जाते. सांगणाऱ्याचा हेतू बहुधा अध्यात्माचा नसतो. तुकोबांकडे वाण्याचे दुकान आणि सावकारी, आणि त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिल्याचे लोक सांगतात. आपल्या जुन्या मराठी ग्रंथांना वही, खत आणि कोठार यांचा असा निकटचा सहवास घडलेला आहे. प्रपंच म्हणजे काय हे त्यांना कोणी दुरून सांगितलेले नव्हते.

एकदा कोणीतरी पुढाकार घेऊन परगावचे एक कीर्तनकार कामावर आणले. बुवांचा आवाज सुरेल होता, संस्कृताचा व्यासंगही दिसत होता. पण निरूपणात त्यांनी असे प्रतिपादन केले की अवर्षण हे लोकांच्या अधर्माचे फळ असून नामस्मरणाच्या अभावामुळे ही वेळ आली आहे. उत्तररंग सुरू होण्यापूर्वीच माणसे उठू लागली. दिवसभर माती वाहिलेल्या एका म्हातारीने जाता जाता विचारले, "बुवा, पाप समदं आमच्याच शिवारात साठलं व्हतं व्हय?" बुवांना उत्तर सुचले नाही, आणि त्यांची बिदागी गोळा करणाऱ्यांनाही दुसऱ्या दिवशी पैसे मागायला संकोच वाटला.

त्याच्या दुसऱ्या रात्री आप्पांनी पांडवप्रताप बाजूला ठेवला आणि पाठ असलेले तुकोबांचे अभंग म्हटले. 1630 च्या सुमारास दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला त्यात तुकोबांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बसले, पत गेली; आणि हे सर्व त्यांनी स्वतःच्या अभंगांत आडपडदा न ठेवता, कोणाला दोष न देता, पण कोणाची भीडही न बाळगता सांगितले आहे. बुवांनी शास्त्राधारे जे समजावले ते ऐकून लोक उठून गेले होते; येथे तर काही समजावलेच जात नव्हते, फक्त घडले ते सांगितले जात होते, आणि पुढे देवाशी रोखठोक भांडण मांडले होते. माणसे उत्तररात्रीपर्यंत बसून राहिली. दुःखी माणसाला कारण सांगणारा ग्रंथ नको असतो. त्याच्या आधी जो त्याच वाटेने गेला आणि ज्याने खोटे बोलणे नाकारले, अशा माणसाचा शब्द त्याला हवा असतो, हे माझे मत त्या दिवसापासून बनले आहे. मुंबई सरकारने 1950 साली छापलेली तुकोबांची गाथा मी पुढे जुन्या बाजारात विकत घेतली. सरकारने छापलेल्या कागदांपैकी मी स्वखुशीने घरी नेलेला तो एकच.

परंतु त्या कंदिलाच्या उजेडात सगळेच बसत होते, असे लिहिले तर ते सत्यास सोडून होईल. मंगळवेढ्याच्या मातीत आणखी एक मरण आहे. चोखोबा याच गावी, 1338 साली, गावकूस बांधण्याच्या कामावर असताना कूस कोसळून इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. म्हणजे आम्ही ज्या तऱ्हेच्या कामाची हजेरी ठेवीत होतो, तशाच कामावर एक कवी दगावला होता. आमच्या कामावर बौद्ध वस्तीतली एक टोळी होती. ती पोथीला येत नसे. त्यांची गाणी निराळी होती आणि ती बाबासाहेबांची होती. त्या टोळीतला एक तरुण, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, माझ्याशी कधीमधी बोले. दामाजीची कथा निघाली तेव्हा तो म्हणाला, "भाऊसाहेब, देवाला महार व्हावंसं वाटलं ते पैसे पोचवण्यापुरतं. खऱ्या महाराला त्या देवाच्या पंढरपूरच्या देवळात पाय ठेवायला 1947 साल उजाडावं लागलं, अन् त्यासाठी साने गुरुजींना उपास करावा लागला. मग ती गोष्ट ऐकून मी डोळे कशाला पुसू?"

यावर मी काही बोललो नाही, आणि आजही बोलण्यासारखे फारसे मजजवळ नाही. एकच ग्रंथ एकाला उशाशी घ्यावासा वाटतो आणि दुसऱ्याला त्यातून जुनी ठणक उठते. जे लोक अभिजात वाङ्मय सर्व मानवजातीचे सांत्वन करते असे सरसकट लिहितात, त्यांनी कंदिलापासून अंतर राखून बसलेल्या टोळीचीही हजेरी घेतली पाहिजे. मात्र पुढे एकदा माझ्या वाचनात आले की बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध केलेला अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. त्या तरुणाला हे सांगावे असे फार वाटले. तोवर तो पुण्याकडे एका कारखान्यात लागला होता. चोखोबांनी देवळाबाहेर उभे राहून जी तक्रार मांडली, ती इतक्या शतकांनंतर एका कायदेपंडिताने आपल्या हाती घेतली, असा मी त्या अर्पणपत्रिकेचा अर्थ लावतो.

आमचे अव्वल कारकून मोठे व्यवहारी गृहस्थ. पोथीचे वृत्त त्यांच्या कानी गेले तेव्हा ते म्हणाले, "अहो, रात्री करायला दुसरं काय आहे त्यांना? उद्या तिथं तमाशा आणा, पोथी ओस पडेल." यात अर्धे तथ्य होते. शिवाय पगारवाटप लांबले की पोथीची गर्दी कमी होई, आणि रेशनची गाडी न आल्याच्या दिवशी तर नातवाला ओवी वाचायलाच कोणी सांगत नसे. पोटात काही असेल तरच ग्रंथ कानात शिरतो, ही गोष्ट काव्याच्या थोरवीला कमीपणा आणणारी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एखादा उपास जरा लांबवून पाहावा.

पुढे 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक झोपले असतानाच, तेव्हा आम्हाला तिकडे पंचनाम्यांच्या कामावर पाठवण्यात आले. तेथे कोणी कोणाला ग्रंथ वाचून दाखवीत नव्हते, आणि तसे सुचवण्याचे धैर्य माझ्या अंगी नव्हते. मृत, जखमी, घर पूर्ण पडले की अंशतः, जनावरे, संसारोपयोगी साहित्य, असे रकाने भरीत मी दगडांच्या ढिगांतून फिरत होतो. एका आजीबाईंची पंचनाम्याची पाळी आली तेव्हा तांब्या, घागर, पेटी, पाटा हे सारे सोडून त्यांनी प्रथम सांगितले, "लिव्हा, हरिविजय, एक." तसा रकाना नव्हता. मी 'इतर' खाली नोंद केली. किमतीच्या रकान्यात काय घालायचे असे विचारताच त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी तो रकाना कोरा सोडला आणि भांड्यांकडे वळलो. ती पोथी त्यांना वाचता येत होती की नाही, कोण जाणे. बहुधा येत नसावी. घरात दुसऱ्या कोणाचा तरी आवाज त्या पोथीतून ऐकत त्यांचे आयुष्य गेले असेल, आणि तो आवाज त्या रात्री राहिला नसेल.

माझ्या स्वतःच्या घरात मोठे दुःख आले तेव्हा स्नेही-सोबत्यांनी आणून दिलेली धीर देणारी पुस्तके मला वाचवेनात. ज्ञानेश्वरी उघडली, पण तिची ती अथांग शांती मला त्या वेळी परकी वाटली. ती ज्याला पेलते त्याला पेलो. गाथेतले भांडणाचे अभंग मात्र मी दिवसेंदिवस वाचीत असे, कधी मोठ्याने, आणि शेजारच्या खोलीतली मंडळी मला कोणी भेटायला आले आहे अशा समजुतीने चहा घेऊन येत.

त्या पाझर तलावाच्या कामाचे हिशेब यथावकाश तपासणीस गेले. लेखापरीक्षकांनी इतर आक्षेपांबरोबर एक असा घेतला की शेजारच्या कामांच्या मानाने येथे रॉकेलचा खर्च अधिक दिसतो, आणि चौकशीअंती असे समजते की सदर कंदिलाच्या उजेडात मजूर लोक धार्मिक वाचन करीत. तरी खुलासा व्हावा. आमचे ओव्हरसियर स्वभावाने तापट आणि लेखणीने नेमके. त्यांनी उत्तर पाठवले की कंदील पहाऱ्यासाठी मंजूर होता, पहारा रात्रभर असतो, हत्यारे व साहित्य यांपैकी काहीही चोरीस गेलेले नाही, आणि पहारेकऱ्याजवळ बसून इतरांनी काय करावे याविषयी नियमावलीत कोणतीही तरतूद आढळत नाही. आक्षेप वगळण्यात आला.